टेबलाखालचा निरोप्या

मी एक निरोप्या बोलतोय. हाडामांसाचा नाही, पेणच्या एका ऑफिसात टेबलाखाली पडलेल्या जुन्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम. थापा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही. सेकंदाला लाख निरोप झेलतो, असं मी शेजारच्या प्रिंटरला सांगायचो. बिचाऱ्याला पटायचं. आज सांगतोय ती मात्र थाप नाही. असती तर बरं झालं असतं.

धाटावच्या एका केमिकल कंपनीत मोबाइल आत नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. म्हणून आमच्या ऑफिसात प्रोग्राम लिहिणाऱ्या रोहिणीने सोय केली. घरच्यांनी एका नंबरवर निरोप पाठवायचा, तो रांगेत थांबायचा, आणि माझ्यासारख्याने तो उचलून कंपनीतल्या डिजिटल फळ्यावर झळकवायचा. आम्ही 'मिळाला' म्हटलं की रांगेतून निरोप पुसला जातो.

माझा जन्म दसऱ्याचा. रोहिणीने मला चाचणीपुरतं सुरू केलं होतं. बंद करणार, तेवढ्यात तिचे साहेब हैबतराव झेंडूचा हार घेऊन आले.

"पूजेतलं यंत्र आज बंद करायचं नाय गो."

दुसऱ्या दिवशी माझा मॉनिटर दुसऱ्या टेबलावर गेला. धाटावला माझा जुळा भाऊ, म्हणजे हाच प्रोग्राम, कामाला लागला. मला बंद करायचं राहूनच गेलं.

रांग एक, घेणारे दोन. एक निरोप भावाला, एक मला. त्याच्याकडे फळा होता, माझ्याकडे काहीच नाही. तरी मी दर वेळी ऐटीत 'मिळाला' म्हणायचो.

तक्रारी सुरू झाल्या. गेटवरचे काळुराम फोनवर म्हणाले, "मॅडम, तुमची रांग म्हणजे रोह्याची एस.टी. एक येते, एक नाय."

"काका, नेट आहे ना?"

"हाय."

"बंद करून परत चालू करा."

"सकाळपासून तेच करतोय. आता मलाच बंद करा."

रोहिणीने धाटावचं नेट तपासलं, पासवर्ड तपासला, रांगेचं नाव अक्षर न् अक्षर तपासलं. बोलताना तिचा पाय माझ्या डब्याला लागत होता.

मंगळवारी सकाळी अकराला अक्साचा निरोप आला. 'भाई, अम्मी तुलाच विचारतेय. लगेच पेणच्या दवाखान्यात ये.' तो माझ्या वाट्याला आला. मी 'मिळाला' म्हटलं. तिचा भाऊ फुरकान प्लांटमध्ये शिफ्ट करत राहिला. दोन वाजता अम्मी गेली.

पाचव्या दिवशी फुरकान ऑफिसात आला.

"ताई, बहीण म्हणते मेसेज केला. फळ्यावर तर नव्हता. मी तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं. मय्यतीपासून तिच्याशी बोललो नाय. एकदा बघून सांगा."

तेव्हा रोहिणीने रांगेला पहिल्यांदा विचारलं, तुझ्याकडून घेणारे किती? दोन. दुसऱ्याचा पत्ता तिच्याच ऑफिसचा. ती टेबलाखाली वाकली, मला बाहेर ओढलं, मॉनिटर जोडला.

रांगेतून पुसलेले निरोप माझ्याकडे तसेच होते. फुरकानने अक्साच्या ओळीवर बोट ठेवून वाचलं. दोनदा. मग फोन लावला.

"अक्सा, तू मेसेज केला होतास गो."

 तिने फोन ठेवला नाही, ऐकत राहिली.

रोहिणीताई, आता मला खुशाल बंद करा. फक्त आधी माझ्याकडचे उरलेले सदतीस निरोप ज्याचे त्याला पोचवा. एकीने नवऱ्याला येताना कोथिंबीर आण एवढंच सांगितलंय. तोही सांगा.