दोन जावांमधलं फाटक

चाळीस वर्षं रंधा मारतोय, पण माझ्या कामाला कोणी नावं ठेवली असतील तर ती या एकाच फाटकापायी. दोन जावांच्या अंगणांमध्ये एक सरळ भिंत, आणि भिंतीच्या मधोमध हे फाटक. दर तीन-चार वर्षांनी ते चौकटीत अडकायचं. मी तासायचो, ते पुन्हा अडकायचं. एकदा वैतागून म्हणालो, "जमिनीतच खोट आहे." थोरली हसली. "मामा, नाचता येईना अंगण वाकडं." ते मला फार लागलं.

पाच वर्षांपूर्वी धाकटी माहेरी गेली असताना थोरलीने भेगाळलेली भिंत दुरुस्त करून घेतली. परत येऊन धाकटी बघते, तर फाटकापलीकडची अर्धी भिंत वीतभर तिच्या अंगणात. जावेने जागा गिळली, असं तिने डोक्यात घेतलं ते घेतलंच. तेव्हापासून बोलणं बंद.

आज तिने मला फाटक कायमचं ठोकून टाकायला बोलावलं होतं. शिवाय थोरलीची चोरी पकडायला मोजणी कार्यालयातल्या बाई आणल्या होत्या.

बाईंनी तिपाई रोवली, दुर्बिणीतून पाहिलं आणि भिंत सोडून शेजारच्या अंगणात गेल्या. मग त्यापलीकडच्या. तिथल्या भिंतीही त्याच रेषेत, त्याच बाजूला वीतभर सरकलेल्या.

"हे कोणी केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पृथ्वीचं कवच अखंड नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, आणि ते सतत सरकतात. दोन तुकड्यांची सीमा तुमच्या फाटकाखालून जाते. वर्षाला अर्धा सेंटीमीटर. भिंत किती जुनी?"

"चाळीस वर्षं," थोरली म्हणाली.

"मग झाली की वीत."

"आणि तो समोरचा डोंगर?" मी विचारलं.

"त्यांचाच उद्योग. इथे एकमेकांना घासून जातात, तिथे एकमेकांना रेटतात. मधली जमीन जाणार कुठे? वर येते."

"म्हणजे अंगणच वाकडं होतं," मी थोरलीकडे बघत म्हणालो. खरं सांगतो, मुलगी शाळेत पहिली आली तेव्हाही मी इतका खूश नव्हतो.

धाकटीचा चेहरा मात्र उतरला. "ताई, तुम्ही एवढ्या आजारी होतात, तरी मी आले नाही. खोकला ऐकू यायचा मला."

"ठाऊक आहे. म्हणून तर मुद्दाम मोठ्याने खोकायचे."

मी हातोडा हातात धरून उभा. शेवटी विचारलं, "मग ठोकू की तासू?"

"तासलं तर पुन्हा अडकेल?" धाकटीने बाईंना विचारलं.

"अडकणारच."

"मग काढूनच टाका, मामा. बिजागऱ्यांसकट."

मी फाटक उतरवून खांद्यावर घेतलं. एक हक्काचं काम कायमचं गेलं. वळून पाहिलं, तर थोरली त्या मोकळ्या जागेतून धाकटीच्या अंगणात शिरत होती, मुद्दाम खोकत.