पाठीवरचा पूल

पुलाचा शोध घेताना ड्राफ्ट्समनच्या तीन बरगड्या मोडल्या. मोडल्या नाहीत, असं त्याच्या खात्याचं म्हणणं आहे. तेव्हा आपणही तसंच धरून पुढे जाऊ.

खात्याच्या मते नदीवरचा जुना लोखंडी पूल पुराने नेला. पुलाचा चौकीदार तेव्हाच म्हणाला होता, "पुराला गॅस कटर लागत नाही. माणसांनी कापून नेला." खोटं बोलतो म्हणून त्याची नोकरी गेली, वर पूल यानेच विकला असा बोभाटा झाला. हा चौकीदार म्हणजे ड्राफ्ट्समनचे बाबा. अजूनही गल्लीत सायकल हरवली की लोक आधी यांच्या दारात येतात. "काका, पूल पचवलात, सायकल तरी द्या!"

नदीकाठ पालथा घालून ड्राफ्ट्समन शेवटी भंगारवाल्याच्या गोदामात पोचला. छताखाली तेच तिरपे दांडे, त्याच रिव्हेटच्या रांगा. त्याने टेप काढली.

"कोण रे तू?"

"मालक, तुमचं छत म्हणजे आमचा पूल आहे."

"मग जा की पलीकडे," म्हणत भंगारवाल्याने थोबाडीत दिली.

दोन हमालांनी त्याला धरलं, तिसऱ्याने उरलासुरला एक दांडा उचलला. पहिल्या फटक्यात खांदा निखळला. दुसऱ्या फटक्यात तोंडात रक्त आलं. तेवढ्यात त्याला दांड्यावरची उठावाची अक्षरं दिसली.

"दादा, ती अक्षरं माझ्या बाजूला करून मारता का?"

हमाल गोंधळला. "मालक, हा असं म्हणतोय."

"गिऱ्हाईकाचं ऐकावं," मालक म्हणाला.

हमालाने मन लावून मारलं.

घरी बायकोने सदरा सोलून काढला आणि किंचाळली. पाठीवर उलटी अक्षरं सुजून आली होती. तिने आरसा धरला. बाबांनी चष्मा लावून आरशात सरळ वाचलं, "नदी पूल, १८७४." पुन्हा वाचलं. मग विचारलं, "फार दुखतंय का रे?"

"नाही."

"मलम आणते," बायको म्हणाली.

"अगं नको, पुसेल!"

दुसऱ्या दिवशी गोदामावर नवे पत्रे होते आणि खाली नुसते बांबू. पाठीचा फोटो घेऊन तो ऑफिसात गेला. साहेब म्हणाले, "झेरॉक्स, फोटो चालत नाही. मूळ प्रत लागते. रीतसर अर्ज करा."

त्याने केला:

"महोदय, मूळ प्रत अर्जदाराच्या पाठीवर असून त्यातील चार हा आकडा पुसट होत आहे. तरी माजी चौकीदार हयात असेतो समक्ष पाहणी व्हावी. आणि तोपर्यंत अर्जदारास बरे न होण्याची मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती."