ओल्या फळ्यांनी आणलेला वैताग

मी एक जुना रंधा आहे. खरे सांगायचे तर वैतागलेला जुना रंधा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. हातभर लांबीचा लाकडी ठोकळा, त्याच्या पोटात तिरपे बसवलेले पोलादी पाते आणि धरायला एक मूठ, असा मी. खरबरीत फळीवरून मला ढकलले की ती गुळगुळीत होते आणि माझ्या तोंडातून लाकडाचे पातळ छिलके गुंडाळत बाहेर पडतात.

माझ्या मिस्त्रींनी मला विसाव्या वर्षी स्वतःच्या हाताने घडवले. त्यासाठी आणलेला लाकडाचा तुकडा त्यांनी आधी तीन वर्षे माळ्यावर वाळत ठेवला होता. तीन वर्षे! म्हणून आजही मी तसूभर वाकलेलो नाही. पुढे त्यांचे नाव झाले ते हाताइतकेच कानामुळे. वखारीत गेले की ते प्रत्येक फळीवर बोटाचे पेर ठोकायचे आणि कान लावायचे. मुरलेले लाकूड खणखणीत बोलते, ओले नुसते ठप्प म्हणते. त्यांना येताना पाहून वखारवाला कपाळाला हात लावायचा. "आले डॉक्टर! आता माझी अर्धी वखार आजारी निघणार." गिऱ्हाइकांसाठी आम्ही केलेल्या खुर्च्यांवर आज त्यांचे नातू डुलतात, पण एकही खुर्ची कुरकुरत नाही.

मग मिस्त्रींची लेक कामात आली आणि तिच्यामागोमाग विजेवरचा रंधा आला. तो फळी पारखत नाही, नुसती खातो. माझी रवानगी फळकुटावर, सरसाच्या डब्याशेजारी झाली. मधल्या रिकाम्या दिवसांत पात्यावर गंज चढे, मुठीवर कोळी घर करी. फक्त अखेरचा हात मिस्त्री माझाच फिरवत. तेवढ्यावर मी समाधानी होतो.

एके दिवशी टेलरबाई आल्या. वीस वर्षे त्यांनी जमिनीवर बसून कापड बेतले होते. आता स्वतःचे छोटे दुकान मिळाले होते आणि शाळेच्या साठ गणवेशांचे काम हाती आले होते. "गुडघे गेले हो मिस्त्री," त्या म्हणाल्या. "आता उभ्यानंच कापायचं. आठ फुटी टेबल द्या, पण पाटासारखं सपाट."

मिस्त्री एकटेच वखारीत गेले आणि चार रुंद फळ्या घेऊन आले. विजेच्या रंध्यानंतर अखेरच्या हाताला माझी पाळी आली आणि पहिल्याच फेरीत माझा घास अडकला. छिलके सुटेनात. दमट, चिकट, तोंडात बोळा होऊन बसलेले. मिस्त्रींनी काय करावे? माझे पाते काढले आणि दगडावर घासले. पुन्हा फळी, पुन्हा बोळा. पुन्हा पाते काढले. एका दिवसात तीनदा! दोष लाकडाचा आणि सोलवटून निघालो मी.

लेकीने एक छिलका चिमटीत धरला. "बाबा, हे ओलं लागतंय."

"मी वाजवून आणलंय. चाळीस वर्षं वाजवतोय."

"निदान वजन तरी बघू या का? कोरड्या फळीपेक्षा जड आहे ही."

"फळ्या आहेत त्या, बटाटे नाहीत!" मिस्त्री एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या दुकानातले लोक डोकावले. हल्ली ते सारखे ओरडूनच बोलत.

टेबल झाले, गेले. महिनाभरात टेलरबाई परत आल्या, हातात एक विजार घेऊन. तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा चार बोटे आखूड होता.

"हे बघा. टेबलाला मधोमध कुबड आलंय. कापडाचे थर सरकले. वरचे दोन बरोबर, खालचे सगळे वाकडे. पोरांनी काय लंगडी घालत शाळेत जायचं?"

मिस्त्रींचा चेहरा उतरला, पण मान काही खाली जाईना. "खिडकीतून पाणी आलं असेल."

टेलरबाई विजारीची घडी घालायला पाठ फिरवत म्हणाल्या, "माझ्या दुकानाला खिडकीच नाही."

"तेच तर मी म्हणतोय!" मिस्त्री म्हणाले.

टेलरबाईंनी विजार काखेत मारली आणि त्या तरातरा निघून गेल्या. लेकीने मात्र वडिलांकडे टक लावून पाहिले. मग ती हळूच त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि एका कोरड्या फळीवर पेर ठोकले. सुरेख खणखणीत आवाज आला. मिस्त्री पेन्सिलीला टोक काढत राहिले. तिने पुन्हा ठोकले. त्यांनी मान वळवली नाही.

मी सुतारकामाच्या उंच बाकावरून सारे पाहत होतो. मला राग यायला हवा होता. पण त्या लेकीचे डोळे भरलेले पाहून तो आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी टेबल बदलून देण्यासाठी मिस्त्री नव्या फळ्या आणायला निघाले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, वखारीत मीही येते," आणि तिने मला पिशवीत टाकले.

वखारवाल्याने फळ्या काढल्या. मिस्त्रींनी सवयीने पेर ठोकले, मान डोलावली. "ही चालेल." लेकीने त्या फळीच्या कडेवर मला फिरवले, छिलका मुठीत दाबला आणि मूठ उघडली. छिलका चोळामोळा होऊन तसाच पडून राहिला. मग तिने शेजारच्या फळीचा छिलका दाबला. मूठ उघडताच तो ताठ उलगडला.

वखारवाला हसला. "अहो ताई, वडिलांनी पास केल्यावर तुम्ही कशाला पुन्हा परीक्षा घेता?"

मिस्त्रींना तेवढा आधार पुरला असता. लेकीला दटावून त्यांना आब राखता आला असता. पण त्यांनी तिच्या हातावरचा चोळामोळा छिलका उचलून बोटांत चोळला.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. अख्ख्या वखारीला ऐकू गेले. "वर्ष होत आलं. अंदाजानंच मान डोलावतो. तू वाजव पोरी. बाकीचं मी बघतो."

मग मात्र काम पाहावे! लेक ठोकायची, ऐकायची. मिस्त्री दुसऱ्या टोकाला तळहात ठेवून थरथर अजमावायचे. एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकायचे. "हिला पीळ आहे. ही गाठ पायात आली तर पाय तिथंच मोडेल. या रेषा बघ, तिरक्या पळतायत, ही वाकणार." बावीस फळ्यांतून चार निघाल्या. वखारवाला घाम पुसत म्हणाला, "एक डॉक्टर होता तो बरा होता. आता दोन झाले!"

त्या चार फळ्याही लगेच कापल्या नाहीत. आमच्या हवेची सवय व्हावी म्हणून महिनाभर मधे पट्ट्या घालून रचून ठेवल्या. तोवर टेलरबाईंनी आमच्याच बाकावर कापड बेतले आणि बापलेक कोपऱ्यात अंग चोरून काम करत राहिले. गणवेश आठवडाभर उशिरा गेले, पण दोन्ही पाय सारखे होते. मिस्त्री कानाच्या डॉक्टरांकडेही गेले. तिथेही भांडले म्हणे, पण गेले. नव्या टेबलावर अखेरचा हात माझा फिरला. छिलके असे सुटले की मिस्त्री कितीतरी दिवसांनी हसले.

तेव्हा मित्रांनो, लाकूड नुसत्या रंगावर भाळून घेऊ नका. ते तोला, हाताळा, त्याला वाळायला वेळ द्या. तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद धूळ खात असेल, तर त्याच्या पात्याला तेलाचे बोट लावा. आणि घरातले कुणी ओरडून बोलत असेल, सारखे "काय? काय?" म्हणत असेल, तर चिडून निघून जाऊ नका. जवळ बसा, विचारा. मला तोंड आहे ते छिलके टाकण्यापुरतेच. तुम्हाला बोलता येते, मग बोलत का नाही?