'ओरी' म्हणायचं कुणी

ओक्साना युक्रेनची, रादका बल्गेरियाची आणि मी, दीप्ती, नागपूरची. ओमानमध्ये रुसैलच्या एकाच कंपनीत तिघींची नोकरी आणि सीबला एकच फ्लॅट. त्या दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या आणि त्यांचं एकमेकींना कळायचंही. मी आपली भाजी चिरत बसायचे. राग यायचा मला, खोटं कशाला सांगू?

एकदा शेतीचा विषय निघाला. 'ओरी' म्हणजे नांगर धर. दोघींकडे शब्द तोच. भाषाशास्त्र शिकलेली रादका म्हणाली, हा फार जुना शब्द, सगळ्या स्लाव भाषांत याची भावंडं आहेत आणि लॅटिनमध्ये सोयरे. आपला नांगर मात्र या गोतावळ्यात नाही. मी चांगलीच हिरमुसले.

ओक्सानाच्या घरची एक रीत होती. दरवर्षी लेकीनं 'ओरी' म्हटल्याशिवाय वडील शेतात नांगर घालत नसत. यंदा म्हातारा रोज फोन करी आणि ती उचलत नसे. "भांडण झालंय," एवढंच तिनं आम्हाला सांगितलं. खरं कारण नंतर कळलं. शेतात लढाईतले सुरुंग होते, ते काढणारं पथक अजून आलं नव्हतं. आपण गप्प राहिलो तरच बाप घरात थांबेल, असा तिचा हिशेब. घुमी पोरगी, बोलेल तर शपथ!

त्या शुक्रवारी मी सूकमध्ये, म्हणजे तिथल्या बाजारात, मासळी आणायला गेले होते. ओक्साना आंघोळीला गेलेली. तिचा फोन वाजतच राहिला, तेव्हा रादकानं उचलला. लाइन खरखरत होती. लेकच आहे समजून म्हातारा रडत रडत तो एक शब्द मागत होता. रादकाचे वडील कोरोनात गेले, शेवटचं बोलणंही झालं नव्हतं. तिला राहवलं नाही.

"ओरी, तात्को," ती म्हणाली. नांगर धर, बाबा. ओक्साना चिडेल म्हणून तिनं हे कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओक्सानाला गावाकडच्या शेजाऱ्याचा फोन आला. ट्रॅक्टरखाली सुरुंग फुटला होता. म्हातारा जागीच गेला.

"काल दारोदार सांगत होता," शेजारी म्हणाला, "पोरगी एकदाची हो म्हणाली."

ओक्सानानं आमच्याकडे पाहिलं. "मी नाही म्हटलं."

रादकानं रडत रडत, आपल्या भाषेत, सगळं सांगितलं. ओक्सानाला शब्दन् शब्द कळत होता. आता ही तिच्या अंगावर धावून जाईल, या भीतीनं मी मध्ये उभी राहिले.

ओक्साना जागची हलली नाही. शांतपणे, इंग्रजीत, रादकाला म्हणाली, "यापुढे माझ्याशी इंग्रजीतच बोलायचं."