आकडा बरा आल्यावरची गोळी

मी एक जुनी गोळ्यांची डबी आहे. माझ्यात घरांच्या दोन रांगा आहेत आणि प्रत्येक घराला स्वतःचं झाकण. मित्रांनो, मी सांगते ते हसण्यावारी नेऊ नका.

मी एका नळ-कारागिराच्या घरी, जेवणाच्या टेबलावर राहायला आले. त्याला रक्तदाब, बायकोला मधुमेह. वरची रांग त्याची, खालची तिची. गोळीच्या बाबतीत दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. तो तिची गोळी तिच्या तळहातावर ठेवायचा, ती त्याची त्याच्या. आणि गिळेपर्यंत एकमेकांकडे पोलिसासारखे बघत बसायचे. पाहुणे म्हणायचे, डबी मोठी गुणाची हो. मी फुगायचे.

डॉक्टरीणबाईंनी एकदा समजावलं होतं, की साखर आणि दाब वाढले की रक्तवाहिन्यांना आतून गंजासारखं काहीतरी चढतं. यातल्या काही गोळ्या आकडा उतरवतातच, शिवाय तो गंजही थोडाफार थोपवत असाव्यात, असं संशोधक म्हणतात.

"म्हणजे आमच्याच धंद्यातल्या की," कारागीर खूश होऊन म्हणाला.

पुढे तो गेला. हृदयाने नव्हे, शिडीवरून पडून.

मग मला कुणी विचारेना. त्यांची मुलगी खालची रांग भरायची, मला आईपुढे सरकवायची आणि कामाला पळायची. आई म्हणायची, आकडा बरा आलाय, आता कशाला? खरी गोष्ट अशी, की स्वतःच्या हाताने गोळी घ्यायची तिला सवयच नव्हती. हळूहळू जिना चढताना ती छातीवर हात ठेवून थांबू लागली.

एका सकाळी माझं झाकण उघडलं. थंडगार अंगठा होता, रुंद, टोकाला चिरलेला. नळाच्या आट्यांना लावायच्या लेपाचा वास येणारा. समोर कुणी नव्हतं. गोळी पाण्याच्या पेल्याशेजारी जाऊन बसली.

"झाकणं उघडी टाकू नकोस गं आई, गोळ्या सादळतात."

"मी हात लावत नाही."

"मग काय बाबा येऊन उघडतात?"

रोज गोळी बाहेर यायची, रोज आई ती परत आत टाकायची. शेवटी एका दुपारी, मुलगी जेवत असताना, आईने हात पुढे केला आणि शांतपणे म्हणाली, "अहो, द्यायची तर हातात द्या. टेबलावर काय ठेवता, परक्यासारखी?"

गोळी उचलली गेली. मुलीचा घास तोंडापाशीच थांबला. गोळी तळहातावर टेकली, आईने गिळली. समोरची रिकामी खुर्ची जराशी पुढे सरकली, गिळली की नाही ते बघायला.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी त्या खुर्चीवर बसते. गोळी आईच्या हातावर ठेवते आणि गिळेपर्यंत उठत नाही. तो अंगठा पुन्हा आला नाही.

मित्रांनो, आकडा बरा आला म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी कुणाला सोडू देऊ नका. म्हाताऱ्या माणसापुढे डबी नुसती सरकवूही नका. जरा समोर बसा. तुम्ही नाही बसलात, तर दुसरं कुणीतरी येऊन बसेल. मी त्याला अडवू शकणार नाही. माझ्या झाकणांना आतून कडी नाही.