हळद लागलेलं सूत

मांडवीच्या सगुणाबाईने लडीतला एक दोरा दोन्ही मुठींत धरून ताणला आणि तो कसलीही कुरकुर न करता मधोमध तुटला. दुसरा घेतला, तोही तुटला. दोन दिवस ऐनाच्या सालीच्या काढ्यात मुरून सूत छान तांबूस झालं होतं. सालीने जाळं टिकतं, आणि चांगलं सूत ओलं झालं की कोरड्यापेक्षा जास्तच वजन पेलतं, हे तिला तीस वर्षांच्या विणकामाने शिकवलं होतं. हे सूत उलटं वागत होतं.

आषाढ निम्मा सरला होता. नारळी पुनवेला होड्या पाण्यात जायच्या. त्यांच्या कोळीवाड्यात ज्याने त्याने आपल्या जाळ्याचा तुकडा आणायचा, होडीच्या प्रमुखाने, तांडेलाने, ते सगळे जोडून एक लांब जाळं करायचं. मग मासळीचा एक वाटा माणसाला आणि एक जाळ्याला. ज्याचा तुकडा नाही, तो नुसता हात. बाप गेल्यापासून तिचा बाळा दोन वर्षं नुसता हातच होता. यंदा तांडेलाने त्याची जागा राखली होती, पण स्पष्ट बजावलं होतं, "पुनवेला तुकडा नसला, तर दुसरा उभा हाय."

वर्षभर सुकी मासळी विकून तिने हे सूत आणलं होतं. पाच ओल्या लड्या पाटीत घालून ती बाजारात गंगाराम शेटच्या दुकानी गेली.

"शेट, सूत परत घ्या. कुजका हाय."

शेटने लडी उलटसुलट केली. "हा पिवळा डाग कसला?"

"हळद. विणायच्या सुईवर चढवायच्या आधी सून लावते. आमची रीत हाय."

"मग संपलंच. हळद लागलेली पोर आणि हळद लागलेलं सूत कुणी माघारी घेतं का गो?"

गूळ घ्यायला आलेली वरच्या गावची दोघं हसली. शेटला चेव आला. "त्यात सालीत बुडवलंस. काढा कडक केला असशील. तुझ्या हातचा दोष माझ्या मालाला कशाला?"

"कोरा होता तवा ताणून बघितला, तवा धरला. भिजवल्याबिगर कळायचा कसा? आणि भिजवला की तुमी घेनार नाय!"

"अगो, यालाच धंदा म्हणतात."

सगुणाबाई हलली नाही. "त्याच पेटीतली कोरी लडी द्या. आणि तुमचा शेराचा वजन."

गिऱ्हाइकांसमोर नाही कसं म्हणणार? शेटने दिलं. तिने दोऱ्याला वजन बांधून ते उचललं. वजन लोंबत राहिलं. "बघा, कोरडा धरतो." मग शेटच्याच तांब्यात दुसरा दोरा बुडवला, तो चांगला भिजेपर्यंत थांबली, आणि पुन्हा तेवढंच वजन उचललं. ते वीतभरही वर आलं नाही. खाली फरशीवर ठणकन आपटलं.

"ह्याला साल नाय, हळद नाय," ती म्हणाली.

आता कुणी हसलं नाही. त्या दोघांतला म्हातारा म्हणाला, "गेल्या पावसाळ्यातला माल दिसतो शेट. आतून बुरशीनं खाल्लाय."

शेट उठला, तिला पोत्यांच्या आडोशाला घेऊन गेला आणि आवाज खाली आणला. "बदलून देतो. दुसरी पेटी आहे, नवी."

"पैसे द्या."

"पैसे घेऊन जाशील कुठे? माल आणणारी आगबोट सुरू व्हायला अजून दोन महिने. गावात दुसरीकडे सूत आहे का?"

नव्हतं. ती सगळ्या बाजारात विचारून आली होती.

"गूळवाले घाटीच्या वाटेनं वर घरी जातील, त्यांना सुताशी काय करायचंय? पण तुझ्या वाडीत ब्र काढलास, तर नवी पेटी बंद."

तिने नवा दोरा भिजवून वजन लावलं. एक शेर धरला, दोन शेर धरले. ओल्या लड्या काढून नव्या पाच तिने पाटीत ठेवल्या.

ती पायरी उतरत होती, तोच शेजारची हौसा समोर आली. "सूत नेतस गो? कसा हाय?"

सगुणाबाईने तोंड उघडलं. त्याआधी गादीवरून शेट म्हणाला, "तिच्या पाटीतच बघ की. हिच्यासारखी पारख आहे का कुणाला?"

हौसाने पाटीतला दोरा ओढून पाहिला. "गो, सांग ना."

"बरा हाय," सगुणाबाई म्हणाली.

"मग माला पन ह्यातलाच दे शेट, चार लड्या."

"ह्यातलंच," शेट म्हणाला, आणि त्याने पायाने जुनी पेटी पुढे ओढली.

'भिजवून बघ', एवढंच सांगायचं होतं. हौसाचाही मुलगा होता, त्याच्याही तुकड्याची कुठला तरी तांडेल वाट पाहत होता. सगुणाबाई पायरीवर उभी राहिली. हौसा आपण होऊन पाणी मागेल, असं तिला वाटत होतं. हौसाने पाणी मागितलं नाही. कोरा दोरा एकदा ताणला, मान डोलावली आणि कनवटीचे पैसे काढले.

"थांब गो, बरोबर जाऊया," सगुणाबाई पायरी उतरली तशी हौसाने मागून हाक मारली.

"सून वाट बघते," असं म्हणून सगुणाबाई चालू लागली. हौसा ओलं सूत घेऊन दुकानी परत येईल तेव्हा शेट हळदीचं निमित्त काढणार नाही. तो म्हणेल, सगुणाबाईला विचार, तिनेच बरा म्हटला. आणि हौसा तिच्या दारात येईल.

घरी पोचताच तिने सुनेला सूत दिलं. कमळा हळदीची वाटी घेऊन आली.

"ह्याला हळद नको," सगुणाबाई म्हणाली. "तसाच चढव सुईवर. आणि दार लोटून घे."