अबोल्याची शेवटची तारीख

थोरल्या जाऊबाई लेकीकडे कायमच्या राहायला जाणार हे ठरलं, तेव्हा त्यांच्या नातीने घराची कालरेषा करायला घेतली. इंटरनेटवरचं एक पान, त्यावर आडवी रेघ, रेघेवर ठिपके. ठिपका दाबला की फोटो आणि चार ओळी उघडतात. माहिती मात्र ऑनलाइन शीटमध्ये भरायची. साल एका खणात, महिना दुसऱ्यात, पुढे दिवस, मथळा, मजकूर. शेवटची तारीखही दिली, तर ठिपक्याची लांब पट्टी होते.

"पहिल्या ओळीला हात लावू नकोस," नातीने मला बजावलं. "कॉलमची नावं बदलली तर पान उघडणार नाही, धाकटी आजी."

नावं मी बदलली नाहीत. फक्त सालाच्या खणात 'छत गळत होतं तेव्हा' असं लिहिलं. पान उघडलं नाही.

"अगं, त्याला आकडा लागतो."

"मला आधी छत लागतं. त्यावरून मी आकडा काढते."

शीट एक आणि भरणाऱ्या दोघी. मी पुढच्या खोलीत लॅपटॉपवर बसायचे. तिथे पूर्वी सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं शिवणाचं दुकान होतं. जाऊबाई आत पलंगावर टॅबलेट घेऊन. त्या ज्या खणात असतील त्याला हिरवी चौकट दिसे, माझी गुलाबी. मी नव्या मशीनचं साल लिहिलं की हिरवी चौकट हजर. माझा आकडा गायब, त्यांचा आत. मी पुन्हा माझा घालायचे.

"धाकटे, हात आवर," आतून आवाज यायचा.

"ताई, तुम्ही तेव्हा माहेरी होतात."

"माहेरी होते, परलोकात नव्हते."

मला या सगळ्यातून एकच गोष्ट हवी होती. तरुणपणी आमच्यात एकदा अबोला झाला होता. माझी कापडाची कात्री त्यांनी कागदाला वापरली आणि धार घालवली. त्या म्हणत, कागद नव्हता, कॉलरमध्ये घालायचं बक्रम होतं. शेजारशेजारच्या मशीनवर आम्ही शिवत होतो, पण कित्येक महिने एकीकडून दुसरीकडे फक्त रिळं गेली, शब्द नाही. मग एक दिवस त्या आपणहून बोलल्या. पुढे उभा जन्म आम्ही पाठच्या बहिणींसारखा काढला, पण आधी आपण बोललो हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. त्या जाण्याआधी मला ते लेखी हवं होतं.

अबोला कधी सुरू झाला ती ओळ आधीच भरलेली होती; तो कसा सुटला ती ओळ मी त्यांचा दुपारचा डोळा लागल्यावर भरली. माझ्या मुलाचा पहिला वाढदिवस होता, त्यामुळे तारीख पक्की. लिहिलं, 'मामंजी स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, थोरली विचारतेय, कोटाला बटणं कुठल्या रंगाची? मी दुकानात जाऊन सांगितलं, तपकिरी. थोरल्या जाऊबाई आधी बोलल्या.'

संध्याकाळी नातीने पान उघडलं. "इथे एकाच तारखेला दोन ठिपके एकावर एक बसलेत."

दुसरा जाऊबाईंचा होता. सकाळीच भरलेला, शीटच्या पार तळाशी. नातीने मोठ्याने वाचला. 'मामंजी म्हणाले, धाकटी विचारतेय, कोटाला बटणं कुठल्या रंगाची? तेवढ्यात ती आलीच. म्हटलं, लहान आहे, आपण मोठेपणा घ्यावा. सांगितलं, काळी. धाकटी आधी बोलली.'

जाऊबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. "म्हणजे तू विचारलंच नव्हतंस?"

"नाही. तुम्ही?"

"मी कशाला विचारू? कोट मीच बेतला होता."

मग जाऊबाईंना हसू फुटलं, ते आवरेना. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मामंजी शिंपीच ते. दोघींना टोपी घालून गेले."

"मग अबोल्याची शेवटची तारीख काय देऊ?" नातीने विचारलं. "आधी तर कोणीच बोललं नाही."

"राहू दे तो खण रिकामा," जाऊबाई म्हणाल्या.

मीही हसले, पण माझ्या हाती काही लागलं नव्हतं. रविवारी गाडी आली. त्यांची औषधांची पिशवी मी मांडीवर दिली, दार लावलं, आणि आम्ही दोघींनी चष्म्याबद्दलच काहीतरी बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी घर खायला उठलं. चहा चुकून दोन कप झाला. काही भरायचं नव्हतं, तरी मी शीट उघडली. तळाच्या रिकाम्या ओळीत हिरवी चौकट होती. अक्षरं एकेक करून उमटत होती, त्या एका बोटाने टाइप करतात तशी.

'धाकटे, बटणं कुठल्या रंगाची होती गं?'

आता लेखी होतं. मी शीटमध्ये वर गेले आणि अबोल्याच्या ओळीत शेवटची तारीख म्हणून आजची घातली. कालरेषेवरच्या ठिपक्याची पट्टी झाली. मुलांचे वाढदिवस, गळकं छत, आमच्या दोन मशिनी, सगळ्यांवरून ती लांबच लांब पसरली. मग खाली येऊन उत्तर लिहिलं.

'तपकिरी.'

हिरवी चौकट शेजारच्या खणात सरकली.

'छे. काळी.'